स्पिरिटचा बोळा

सिस्टरने ट्रेमधली सगळ्यांत जाड सुई उचलली, उजेडात धरून पाहिली आणि पडदा सारून आत गेली. खाटेवर एक गृहस्थ पाय हलवत बसला होता. कपाळावर जरासं खरचटलं होतं, बाकी अंगाला धक्का नाही. तोंडाचा भपकारा मात्र दारापर्यंत येत होता. भरदुपारी!

त्याचं नाव तिने बाहेर हवालदाराच्या कागदावर वाचलं होतं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. तोच तो, मेला. दुसरा कुणी असता तर बरं झालं असतं, असं तिला क्षणभरही वाटलं नाही. उलट, आलास का बाबा एकदाचा, असंच वाटलं.

जोडून तीन सुट्ट्या आल्या की हमरस्त्यावरच्या या लहानशा इस्पितळात सगळ्यांच्या रजा रद्द होत. मजा करायला निघालेली माणसं इकडे हातपाय मोडून मुक्कामाला येत. आज याने गाडी उलट्या बाजूला घातली आणि स्कूटरवरून चाललेल्या नवराबायकोला उडवलं. बायकोचा पाय गेल्यातच जमा होता, नवरा अजून शुद्धीवर नव्हता. डॉक्टर तिकडे अडकले होते. "सिस्टर, रक्त तुम्ही घ्या, मी सहीला येतो," एवढं ओरडून ते आत पळाले होते.

दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. अशाच सुट्ट्या, हीच खोली, खाटेवर हाच माणूस. रक्त घ्यायच्या आधी कातडीवर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, ही तिच्या हाताची अठरा वर्षांची सवय. दारूच्या तपासणीला तेवढा तो फिरवायचा नसतो. स्पिरिटही दारूच्याच जातीचं. नमुन्यात त्याचा अंश मिसळला की आकडा बाटलीतल्या दारूचा की बोळ्याचा, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गर्दी होती, हात आपला चालला. कागदावर 'कशाने पुसले' असा रकाना होता, तिथे तिने खरं ते लिहूनही टाकलं.

अर्ध्या तासाने त्याच्याच गाडीखाली सापडलेल्याला आणलं. डॉक्टरांनी तोंडावरची चादर बाजूला केली, तर तिचा धाकटा भाऊ. ताईची सुट्टीच्या दिवशी ड्यूटी म्हणून तिचा डबा घेऊन निघाला होता.

कोर्टात वकिलाने तिचाच कागद तिच्या नाकासमोर नाचवला. "हे अक्षर तुमचंच ना?" तिने हो म्हटलं. ती साक्ष देत होती तेव्हा हा मागच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मान वर करून एकदा पाहिलंसुद्धा नाही. सुटला. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझ्या हाताने सुटला गं तो."

तेव्हापासून तिला त्या हाताने जेवताना घास गोड लागला नव्हता.

"जरा हलक्या हाताने हं, सिस्टर," तो म्हणाला. "मला सुईची फार भीती वाटते."

ही जाड सुई शिरेत घालायची, सापडली नाही म्हणून फिरवायची, पुन्हा काढून पुन्हा घालायची. चांगला चार ठिकाणी काळानिळा करायचा. तिच्या मनात हे सगळं घडूनही गेलं होतं. पण मग वकील उठणार, हाताचे फोटो दाखवणार, छळ केला म्हणणार. तिने दात आवळले, सुई ट्रेमध्ये परत टाकली आणि नेहमीची घेतली. याच्या हातात आता एक धागासुद्धा द्यायचा नव्हता.

तिने दंडाला रबरी पट्टा बांधला. त्याने आपणहून बाही आणखी वर सरकवली.

"आणि आधी स्पिरिट लावा बरं का," तो म्हणाला. "भरपूर लावा. उगाच इन्फेक्शन-बिन्फेक्शन नको."

दारापाशी उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहून त्याने डोळा मारला.

सिस्टरचा हात जागच्या जागी थांबला. म्हणजे हा विसरला नव्हता. एका पोराचा जीव घेऊन हा एवढंच शिकला होता. दारू सोडावी, निदान सुट्टीच्या रस्त्यावर पिऊन चाक हातात धरू नये, यातलं काही नाही. बोळा मागून घ्यावा, एवढंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर त्याला तिचं तोंड दिसलं असतं.

"पुसते ना," ती म्हणाली. आवाज इतका मऊ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "स्वच्छ पुसते. तुम्ही आडवे व्हा, डोळे मिटा. सुई बघू नका."

तो लहान मुलासारखा आडवा झाला.

ती ट्रॉलीकडे वळली. स्पिरिटची बाटली हाताशीच होती, ती तिने कोपराने मागे सारली. खालच्या कप्प्यातून नवी, न फोडलेली बाटली काढली आणि हवालदाराला जवळ बोलावलं.

"साक्षीला तुम्हीच आहात ना? मग हे वाचा. मनात वाचा."

हवालदाराने बाटली डोळ्यांपासून लांब धरून वाचली. निर्जंतुक पाणी. त्याने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा सिस्टरकडे. निवृत्तीला आलेला माणूस होता, असल्या खटल्यांतून सुटून मिशीला पीळ देत जाणारे त्याने पुष्कळ पाहिले होते.

"नीट वाचलं?"

"नीट वाचलं, सिस्टर," तो म्हणाला आणि उगाच खाकरला.

तिने हवालदारादेखत झाकण फोडलं, कापूस भिजवला, आणि कोपराच्या खळगीत तीनदा पुसून घेतलं.

"गार लागतंय?"

"मस्त," तो डोळे मिटूनच म्हणाला. "आणखी एकदा फिरवा."

तिने आणखी एकदा फिरवला. मग पहिल्याच टोचणीत शीर धरली. दोन नळ्या भरल्या, प्रत्येक आठ वेळा अलगद उलटीसुलटी केली, चिठ्ठ्या डकवल्या, लाख वितळवून मोहोर उठवली. घाई केली नाही. रकान्यात 'निर्जंतुक पाण्याने' असं लिहिलं, एकेक अक्षर सुटं, मुलांच्या पाटीवर लिहावं तसं. हवालदाराने खाली सही केली. डॉक्टर हातमोजे ओरबाडून काढत आले, कागदावरून नजर फिरवता फिरवता त्या ओळीवर थांबले, तिच्याकडे पाहिलं आणि सही ठोकून पुन्हा आत गेले.

नळ्या हवालदाराच्या पेटीत गेल्या. पेटीला कुलूप लागलं.

तो उठून बसला. कोपरात कापूस दाबून हात दुमडला होता. स्वारी खुशीत होती.

"हात हलका आहे हं तुमचा," तो म्हणाला. "मागे एकदा आलो होतो, तेव्हाची बाईही अशीच. मी काही सांगायच्या आधीच तिने स्पिरिट चोळलं. देव तिचं भलं करो. तिच्यामुळे वाचलो मी."

सिस्टरने मास्क हनुवटीखाली ओढला.

"ती मीच," ती म्हणाली.

"काय सांगता!" तो हसायला लागला. हसता हसता त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली. मग हवालदाराकडे वळली. हवालदार मान खाली घालून पेटीचं कुलूप ओढून बघत होता.

त्याने हळूच हाताची घडी उलगडली. कोपरातला कापूस काढला, नाकाशी नेला आणि हुंगला. कोपर हुंगलं. पुन्हा कापूस हुंगला. पण त्याच्या श्वासाला, सदऱ्याला, हाताच्या बोटांना सगळीकडे दारूचाच वास येत होता, आणि त्यात स्पिरिटचा आहे की नाही, त्याला काही कळेना.