स्टुडिओतला कोट आणि पेन्सिलीचा तीळ

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना काळा कोट आहे. शिंप्याने मला एका जाडजूड नवरदेवासाठी शिवले. तो न्यायलाच आला नाही, म्हणून फोटोवाल्या काकांनी मला आणले. ओळखपत्राच्या फोटोसाठी जो येई, त्याला ते मला चढवत आणि सैल झालो तर पाठीमागे कपड्यांचा चिमटा लावत. मग शिपाईही साहेब दिसे आणि मी भाव खाई.

एकदा एक मुलगी आली. हातात थोरल्या बहिणीचा फोटो होता.

"काका, मला हुबेहूब ताईसारखं दिसायचंय."

"मग ताईलाच घेऊन ये की."

"ताई तापात गेली. तिला इस्पितळात नोकरी लागली होती. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. मेलेली म्हणून बाबांनी दप्तरात ताईऐवजी माझंच नाव लिहून दिलंय."

काका बराच वेळ काच पुसत राहिले. शेवटी त्यांनी मला मुलीच्या अंगावर चढवले आणि त्यांच्या लेकीने पेन्सिलीने तिच्या हनुवटीवर ताईचा तीळ काढला. "रोज सकाळी काढायचा हं, विसरू नकोस." मुलगी थरथरत होती, ते फक्त मला कळले.

पुढे काकांची ही लेक लेखिका झाली. दुसरीच्या नावाने जगणाऱ्या मुलीवरची तिची थरारकथा तुमच्यासारख्यांनी डोक्यावर घेतली. मुलाखत घ्यायला मंडळी आली, तेव्हा तिने मला झटकून अंगात घातले. "प्रेरणा म्हणाल तर हा कोट," ती म्हणाली. मी हरखून गेलो. तिने गाव बदलले होते, नावे बदलली होती. तीळ मात्र तसाच ठेवला होता.

गेल्या आठवड्यात ती मुलगी परत आली. कानांजवळचे केस पांढरे, हनुवटी कोरी. खोलीतल्या सोबतिणीने पुस्तक वाचून थट्टेत तिच्या तिळावर ओला रुमाल फिरवला होता. तीळ रुमालावर आला आणि नोकरी गेली.

"आता माझ्या नावाचे कागद करायचेत," ती काकांना म्हणाली. "पण कचेरीत म्हणतात, त्या नावाची बाई तर मेली."

लेखिका दारातच थबकली. "मला वाटलं, वाचलंस तर तुला आवडेल."

"वाचलं ना. शेवटी ती सुटते. तेवढं आवडलं."

काकांनी मला तिच्या खांद्यांवर चढवले. या वेळी ती थरथरली नाही. फोटो निघाला. पाकिटावर नाव काय लिहू, असे काकांनी विचारले. ती कोरेच पाकीट घेऊन गेली.

मित्रांनो, माझे अस्तर फाटले आहे, ते शिवा असे मी म्हणत नाही. कुणाचे जगणे आपल्या गोष्टीत घालाल, तेव्हा आधी त्या माणसाला विचारा, एवढेच मागणे आहे. तिला कुणीच विचारले नव्हते.