तीनदा म्हणायचा शब्द

मास्तरांचा ‘मेडे’चा, म्हणजे संकटातल्या बोटीने रेडिओवर मारायच्या हाकेचा, तास ठरलेला असे. बंदराच्या रेडिओखोलीतली नोकरी सोडून ते खलाशांना शिकवू लागले, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तास तोच, विनोदही तोच. मे महिन्याशी याचं काही देणंघेणं नाही, उगाच सुट्टीची आशा धरू नका, असं ते म्हणत. मग सांगत की शब्द मुळात फ्रेंच, ‘मला मदत करा’ या अर्थाचा. एका रेडिओवाल्याने तो विमानांसाठी इंग्रजी जिभेला वळेलसा करून घेतला आणि पुढे जहाजांनीही उचलला. रेडिओच्या खरखरीत भलतंच ऐकू जाऊ नये म्हणून तीनदा म्हणायचा.

त्या दिवशी मास्तर चष्मा घरी विसरले. वहिनी तो घेऊन आल्या आणि दाराशीच थांबल्या. मास्तरांचा थोरला भाऊ बोटीसह बुडाला, त्या दुपारी रेडिओवर मास्तरच होते. काहीच ऐकू आलं नाही, असं त्यांनी वहिनींना सांगितलं होतं. आपल्या माणसाला काही कळायच्या आत सगळं संपलं असेल, एवढ्या एका गोष्टीवर त्या बाईने इतकी वर्षं काढली होती.

एका खलाशाने विचारलं, एकदाच ऐकू आला तर?

“तरी उठायचं,” मास्तर म्हणाले. “दुसऱ्यांदा येतोय का बघत बसायचं नाही. हातात चहाचा कप असला तरी...”

तेवढ्यात त्यांची नजर दाराकडे गेली आणि त्यांनी तास तिथेच संपवला.

वर्ग रिकामा झाल्यावर वहिनींनी चष्मा टेबलावर ठेवला.

“म्हणजे त्यांनी हाक मारली होती.”

मास्तर काहीबाही सांगू लागले. आवाज ओळखू आला नाही, कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटलं, नियम तीनदाचा. एकोणीस वर्षं घोकलेली सबब, पण त्यांना स्वतःलाच तिची किळस आली.

“भाऊजी, घरात तरी त्यांनी कधी कुणाला दुसऱ्यांदा हाक मारली होती का?”

पहिल्या हाकेला कुणी उठलं नाही की दादा मुकाट्याने स्वतःच उठायचा. हे मास्तरांना लहानपणापासून माहीत होतं.

“नाही,” ते म्हणाले.

वहिनी वळल्या. मास्तरांनी त्यांना हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदाही मारली. त्या थांबल्या नाहीत.