पोटभर कोळसा, मोजका श्वास

मी मातीची जाड शेगडी बोलतेय. तुम्ही दचकू नका. दचकण्याचं खातं माझ्याकडे आहे.

अंड्यासारखा माझा आकार. वर जड झाकण, झाकणावर धूर सोडणारी फिरती चकती आणि आतली उष्णता दाखवणारा काटा, खाली हवेची झडप. भट्टीत भाजली जात असताना माझ्या शेजारची बहीण ताडकन तडकली. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. कुणी झाकण आपटलं की वाटतं, आता आपली पाळी.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी त्यांना मला भेट दिलं. त्यांनी एकदोनदा माझ्यावर मक्याची कणसं भाजली आणि मग माझ्या डोक्यावर कुंडी ठेवली. घर बदलताना त्यांनी मला शेजारच्या मुलीला देऊन टाकलं. "जड आहे, पण गुणी आहे," म्हणाले. गुण त्यांनी पाहिले होते कुठे म्हणा.

ही मुलगी माझ्याहून घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी हिचा हात छातीवर. वहिनी तिला भागूबाई म्हणायची आणि ती मुकाट ओ द्यायची. तिला स्वयंपाकाचं काम हवं होतं. कोपऱ्यावरच्या खाणावळीची मालकीण तिला म्हणाली होती, "धुरावर दिवसभर शिजवलेलं मांस माझ्याकडे कुणालाच जमत नाही. रविवारी संध्याकाळी चाखायला येते. जमलं तर काम तुझं."

लगेच सराव सुरू झाला. घरचा कारभार वहिनीकडे, आणि वहिनीकडे सगळं बेताचं. "आच मंद हवी ना? मग मूठभर कोळसा पुरे," ती म्हणाली. भागूबाईलाही ते पटलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण शेगडीचं कोण ऐकतं?

दुपारपर्यंत त्या मुठीची राख झाली. मटणाचा खांदा अर्धाकच्चा. मग तिने घाबरून वरून आणखी कोळसा ओतला. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर उठला आणि सगळा मांसात मुरला. वर सारखं झाकण उघडून बघणं चालूच. झाकण उघडलं की हवा आत धावते, निखारे फुलतात, आणि माझ्या भिंती एकदा जास्त तापल्या की लवकर निवत नाहीत.

वहिनीने एक घास खाल्ला. "खोकल्यावर चालेल," ती म्हणाली.

भागूबाई आधी हसली, मग रडली. रडता रडताच तिने माझी झडप आणि चकती गच्च बंद केली आणि आत निघून गेली.

सकाळी ती माझं पोट साफ करायला आली, तर नंतर ओतलेला कोळसा बराचसा तसाच. एक तुकडा हातात धरून ती बघत राहिली.

"वहिनी, हे जळलेच नाहीत."

"विझले असतील."

"पण का विझले? कोळसा तर होता. हवा नव्हती." ती माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मीच बोलले. "म्हणजे आच कोळशावर नाही, हवेवर ठरते. हिचं पोट भरायचं आणि श्वास मोजका द्यायचा."

"अख्खी गोणी संपवशील, बाई."

"नाही संपणार. उरलेला झडप लावली की विझेल. राख झटकून पुढच्या वेळी वापरू."

काही उरणार म्हटलं की वहिनी विरघळते.

रविवारी सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. खाली मोठे तुकडे, वर लहान. चुरा तिने बाजूला काढला, नाहीतर तो हवेची वाट अडवतो. कोळशात मधेमधे लाकडाचे तुकडे पेरले. एकाच जागी पेटवलं. काटा चढू लागला, तसं तो फार वर जायच्या आतच तिने झडप बोटभर फटीवर आणली. पांढरा धूर निवळून निळसर, दिसेल न दिसेल असा झाला, तेव्हाच मांस जाळीवर ठेवलं.

पुढचं काम सगळ्यात अवघड: न बघणं. तिचा हात झाकणाकडे आला की वहिनी मटारच्या शेंगांची परात पुढे सरकवायची. "रिकामी बसू नकोस. सोल."

दुपारी वाऱ्याने दार धाडकन आपटलं. भागूबाई दचकली, मीही दचकले. काटा मात्र जागचा हलला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिने पुढची शेंग उचलली.

संध्याकाळी मालकीण आली. तिने हाड ओढलं तर ते अलगद सुटून हातात आलं. ती खातच राहिली. शेवटी वहिनीचाच धीर सुटला. "मीठ कमी पडलंय का हो?"

"थांबा हो, खाऊ द्या," मालकीण म्हणाली. बोटं चाटून झाल्यावर ती भागूबाईकडे वळली. "ही शेगडी हलवायला किती माणसं लागतील?"

आता मी खाणावळीच्या मागच्या अंगणात असते. रोज पोटभर जेवते, मोजका श्वास घेते. भागूबाई अजून दचकते आणि मीही. पण अजून दोघींपैकी कुणी तडकलेलं नाही.

तुमच्याही घरात मंद आचेवर कुणी असेल. त्याला भरपूर द्या, आणि सारखं झाकण उघडून बघू नका. आणि हो, झाकण लावताना जरा हळू.