जावक क्रमांक नसलेला हुकूम

देवकुंभ संस्थानच्या दिवाणांनी मुलींची शाळा बंद केली, असं मी लेखात ठोकून दिलं होतं. हुकूम मोडीतला, खाली दिवाणांची सही, वर मोर्तब, आणखी काय हवं? इंग्रज रेसिडेंटनं डोळे वटारले आणि या सुधारकानं शेपूट घातलं, असंही ऐटीत लिहिलं. आमच्या प्राध्यापकांनी त्यावर अख्खं पुस्तक उभं केलं, सहलेखिका मी.

गेल्या सोमवारी आल्मेरेला घरी जाताना आगगाडीत बसून मी लॅपटॉपवर संस्थानच्या जावक वहीचे स्कॅन वाचले. त्या दिवशी सतरा कागद बाहेर गेले होते. हा हुकूम त्यात नव्हता. हुकमावरही जावक क्रमांकाची जागा कोरी. माझे आजोबा कचेरीत हेडक्लार्क होते. क्रमांक पडला नाही तो कागद निघालाच नाही, हे मला लहानपणापासून पाठ. तरी पाहिलं नाही, गाढव कुठली.

म्हणजे दिवाणांनी सही रेसिडेंटला दाखवली आणि हुकूम कपाटात ठेवला. शाळा पुढे तीन वर्षं चालली, तिच्या नावाची पत्रं त्याच वहीत होती. गाडीत सगळ्यांदेखत मला रडू आलं.

हे सांगितलं तर प्राध्यापक गोड हसले. "पुस्तक छापायला चाललंय, प्रूफ मंजूर कर. जूनमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायला माझ्याकडेच येणार आहे."

माझ्या नवऱ्याची, शैलेंद्रची नोकरी मार्चमध्ये गेली. आता तिघांचं इथे राहायचं परमिट माझ्या कॉन्ट्रॅक्टवर. आमची लेक ईशानी भांडतेसुद्धा डचमध्ये, तिला उचलून कुठे नेऊ?

"कर की मंजूर," शैलेंद्र भांडी विसळत म्हणाला. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मी त्याला भित्रा म्हटलंय."

"मग त्याच्यासारखंच कर. सही कर, पाठवू नकोस."

तेच केलं: मंजुरीवर सही करून प्राध्यापकांना दाखवली आणि कागद खणात ठेवला. दोन दिवस स्वतःवर खूश होते. मग पुढची फाईल उघडली. तीन वर्षांनी रेसिडेंट दौऱ्यावर आला आणि शाळेतून मुलींचे पाढे त्याच्या कानावर पडले. महाराजांना सही करावीच लागली: दिवाणांनी चोवीस तासांत संस्थान सोडावं. या हुकमावर जावक क्रमांक चांगला ठसठशीत होता.

दिवाणांनी कागद दाबला म्हणून मुली तीन वर्षं शिकल्या. मी कागद दाबून बसले तरी पुस्तक निघणारच, आणि त्यांचीच बदनामी छापली जाणार होती. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. दुरुस्तीचं पत्र लिहून प्रकाशकांना पाठवलं, प्रत प्राध्यापकांना.

शैलेंद्रनं ते वाचलं. पिशवी घेऊन बाजाराला निघाला तेव्हा मी म्हटलं, "येताना रिकामी खोकी मिळाली तर आण."