शेवटची नावं कोण वाचतं

थिएटरात त्यांना सगळे झटपटराव म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी सिनेमे दाखवले. पण शेवटचं दृश्य संपून नावं वर सरकू लागली, की ह्यांचा हात दिव्यांच्या बटणावर. पुढचा खेळ वेळेवर लागायला नको? नावं कापली म्हणून कुणाचं घोडं अडलं नाही. निदान तेव्हा त्यांना तसं वाटायचं.

मुलगा मोठा झाला आणि एका संकलकाच्या हाताखाली सिनेमे कापायला-जोडायला लागला. पहिलं काम पुरं झालं तेव्हा फोनवर म्हणाला, "बाबा, शेवटी माझं नाव येणार आहे." झटपटराव हसून बोलून गेले, "अरे, शेवटची नावं कोण वाचतं?" पोरानं विषय बदलला. अडीच महिन्यांनी तापाचं निमित्त झालं आणि पोरगं गेलंच. आपलं ते वाक्य त्यानंतर झटपटरावांना धड जेवू देईना.

आज चित्रपट महोत्सवात मुलाचा तो सिनेमा होता, दिवसातला चौथा. जागा मिळणार नाही ह्या धास्तीनं बायकोनं त्यांना सकाळी नऊलाच आणून बसवलं होतं. पहिल्या सिनेमात एक माणूस पाऊण तास भिंत रंगवत होता. "आपलं स्वयंपाकघर ह्याच्याकडून घेतलं असतं रंगवून," ती कुजबुजली. दुसऱ्यात कुणी तोंडच उघडलं नाही. तिसऱ्यात झटपटरावांना डुलकी लागली. जाग आली ती दिवे लागले म्हणून; पडद्यावर नावं अजून सरकत होती. त्यांनी वळून मागच्या केबिनच्या खिडकीकडे पाहिलं.

चौथा संपत आला तसे ते जिना चढून केबिनमध्ये गेले. ऑपरेटरबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या.

"बाई, ह्याची नावं पुरी जाऊ द्या. दिवे लावू नका."

"काका, आधीच वीस मिनिटं उशीर झालाय. आयोजक माझं डोकं खातील."

"माझ्या मुलाचं नाव आहे. तो नाही आता."

बाईंनी शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. "मग इथेच थांबा," त्या म्हणाल्या. "नाहीतर सवयीनं लावीन मी."

झटपटरावांनी छोट्या खिडकीतून पाहिलं. नावं सुरू होताच माणसं अंधारातच उठली, पिशव्या चाचपत दाराकडे निघाली. अकरा सहायकांच्या यादीत सातवं नाव त्याचं होतं. धड वाचून होईपर्यंत ते वर गेलंसुद्धा. झटपटरावांना रडू आवरेना.

ते खाली आले तेव्हा रिकाम्या रांगेत बायको एकटीच मान उंचावून बसली होती.

"अहो, माणसं उभी राहिली ना मध्ये. मला काही दिसलंच नाही. आलं का नाव?"

"आलं."

"मोठ्या अक्षरात?"

झटपटराव तिच्या शेजारी बसले. "चांगलं मोठं. पडदाभर एकट्याचंच होतं."

"लोकांनी वाचलं?"

"वाचलं की. म्हणून तर उभे राहिले सगळे."