दोष मागाचा, बोल बाईंच्या हाताला

मित्रांनो, मी एक जुना माग आहे. भिंतीवर टांगायची चित्रे माझ्यावर विणली जातात. माझ्या दोन रुळांमध्ये उभे धागे ताणलेले असतात. त्यांतून रंगीत लोकर ओवत विणकर बाई चित्र घडवतात. विणलेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो. त्यामुळे चित्र उतरवेपर्यंत ते सबंध कसे दिसते, हे त्यांनाही कळत नाही.

बाई माझ्यापुढे पहिल्यांदा बसल्या, त्याला चाळीस वर्षे झाली. तेव्हा त्यांना लाल रंगाचे वेड होते. त्याच्या तीस छटा त्या घरच्या पातेल्यांत उकळत. त्यांची आई ओरडे, "आता स्वयंपाक काय तुझ्या डोक्यावर करू?" पुढे लोकरीच्या जोडीला ताग आला, तांब्याची तार आली. मग चौकोनाचाच कंटाळा आला, आणि त्या मधे भोके असलेली, वाकड्या कडांची चित्रे विणू लागल्या. लोकांनी वाहवा केली. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, पण त्याचे मला काही वाटले नाही.

यंदा मात्र माझ्या खालच्या रुळाला तडा गेला. तोही नेमका गुंडाळलेल्या चित्राच्या आत! डावीकडचे धागे सैल पडले, विणीला सुरकुत्या येऊ लागल्या. बाई सकाळी विणत आणि दुपारी उसवत.

"माझा हातच गेला गं," त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या. "हे कापून टाकते. आता विणणं पुरे."

मी आतल्या आत कळवळलो. पण मागाला तोंड कुठे असते?

बाईंनी कात्री उचलली.

"काप हवं तर," बहीण म्हणाली, "पण आधी बघू तरी दे. वर्षभर नुसती गुंडाळीच दाखवतेयस!"

दोघी रूळ उलटा फिरवू लागल्या. एकेक वेढा सुटत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. आत्ताच मोडलो तर?

"ताई, हात कसला गेलाय! इथे बोट जाईल एवढी फट आहे!"

बाईंनी कात्री खाली ठेवली. फट चाचपली.

"मेल्या," त्या मला म्हणाल्या, "सांगायचं नाहीस का?"

सुतारकाकांनी लोखंडी पट्ट्या ठोकल्या आहेत. हातभर चित्र अजून बाकी आहे. जरा कुरकुरलो, तरी बाई लगेच वाकून पाहतात.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना अधूनमधून उघडून पाहत जा. आणि घरातल्या थकलेल्या माणसाचे काम बिघडले, तर ते त्याच्या वयाच्या माथी मारण्याआधी, आपण त्याला कसले अवजार दिले आहे, ते एकदा तपासा.