निळ्या कोटाची बाही

माझी थोरली नणंद, आमच्या वन्सं, जन्मभर लोकांचे कपडे शिवत आल्या. स्वतःसाठी म्हणून शिवला तो एकच निळा लोकरी कोट. तो अंगात घालायच्या आधीच अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, एक तळवा कोपराखाली, एक मनगटाखाली. हळूहळू उचला, दुखेल तिथे थांबा, ओढू नका. कपडे घालताना आधी दुखरा हात.

सकाळचं ऊन पलंगावर आलं की मी त्यांचा हात मांडीवर घ्यायचे.

"दुखतंय का, वन्सं?"

"तू या घरात आलीस तेव्हापासून दुखतंय."

कोट समोरच्या खुंटीला होता. बाही त्यांनी हौसेने अरुंद कापलेली. हात खांद्यापर्यंत आल्याशिवाय आत जाणं शक्य नव्हतं.

"कोट घालून जायचंय तरी कुठे, ताई?" आमचे हे विचारायचे.

"आरशापर्यंत."

एकदा मी भीत भीत म्हटलं, "बाहीची शिवण जरा उसवू का? कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. माझ्या शिवणीला कात्री लावलीस तर याच हाताने थोबाडीत देईन!"

"द्या की! तेवढा वर गेला तर कोटही चढेल."

दोघी पोट धरून हसलो होतो.

हात छातीपर्यंत येऊ लागला होता. मग ताप आला, वन्सं अंथरुणाला खिळल्या, आणि हात पुन्हा आखडला. एका सकाळी ऊन पलंगावर यायच्या आत त्या गेल्या.

धाकटी जाऊ त्यांचीच कात्री घेऊन आली. "कोट पाठीतून कापून अंगावर घालू या. असंच करतात सगळे."

मी कात्री तिच्या हातून काढून घेतली. वन्संचं अंग अजून कोमट होतं. एक तळवा कोपराखाली ठेवला, एक मनगटाखाली. आधी डावा हात. इतके दिवस अडून बसलेला खांदा आता मुकाट्याने वर आला. बाही कोपरापर्यंत सरकली आणि सवयीने माझ्या तोंडून गेलं, "दुखतंय का?"

मी थांबले.

मग जावेने दुसरी बाही उघडून धरली.